हवालदाराची पायरी

रिटायर झाल्यावर माझी शेवटची पोस्टिंग ताडकळसजवळच्या आमच्या गावी झाली. कमांडिंग ऑफिसर : बायको. फौजेत मी इंजिनिअर रेजिमेंटचा नाईक होतो, पूल टाकणारा. पण गावात माजी सैनिकाला मेजरच म्हणतात, त्यामुळे एसटीतून उतरता उतरताच मला सहा-सात प्रमोशनं मिळाली. मी हरकत घेतली नाही.

त्या उन्हाळ्यात गावानं जुनी बारव उपसायला काढली. पाणी लागलं तर टँकरची वाट बघणं सुटणार होतं. पहिल्या सकाळी पन्नास माणसं जमली आणि एकावन्न पुढारी. एकावन्नावा मी. माझा आवाज असा, की घरात चहा मागितला तर पूर्णा जंक्शनला गाडी थांबते. तोही त्या गलक्यात बुडाला.

दुसऱ्या दिवशी मी फौजी पद्धत लावली. एक टोळी गाळ भरणार, एक घमेली वर देणार, एक दोरावर. मी मधल्या पायरीवर रिकाम्या हातानं उभा राहिलो.

"मेजर, पेन्शन इथंबी चालू हाय का?" खालून शिवाजी ओरडला. शेळ्या राखणारा गडी, पण पहार त्याच्या हातात काडीसारखी फिरायची. "एखादं घमेलं उचला की!"

"दत्ता हवालदाराचा हुकूम हाय," मी म्हणालो.

दत्ता हवालदार जिंतूरचा, माझा सेक्शन कमांडर. पुलाचं लोखंडी पॅनल उचलताना तो सांगायचा, "बोलणार एकच. ज्याला समदं दिसतंय, त्यो. अन् त्येच्या हातात काई नको." पॅनल धरणाऱ्यांच्या माना खाली असतात. कुणीतरी वर बघायला हवं.

आठवडाभरात टोळ्या मिलिटरी बँडसारख्या चालू लागल्या. मग तळाशी शिळा लागली. मी तिला हत्तीएवढी सांगतो. म्हशीएवढी तर नक्कीच होती.

तीन लाकडी बल्ल्या रोवून कप्पी लावली. दोरावर वीस जण, बारवेकडे पाठ करून. शिवाजीनं शिळेला दोन फास बांधले आणि कोपऱ्यात सरकला.

"तयार! ओढा!"

शिळा उठली. सगळ्यात खालच्या पायरीच्या उंचीला आली आणि एक फास निसटला. शिळा तिरकी झाली. एक टोक पायरीच्या कडेवर टेकलं, दुसरं हवेत. तिच्यामागे कोपऱ्यात शिवाजी. बाहेर यायला वाट नाही.

"थांबा!" मी म्हणालो. पण तोवर सगळी बारव बोलत होती.

"ओढा, ओढा!"

"सोडा! दोर सोडा!"

"आरं, मरंल त्यो!"

कुणाचं ऐकावं म्हणून दोरावरचे गडी माना वळवू लागले. माझ्या जागेवरून शिळेची पाठ दिसत होती, शिवाजी दिसत नव्हता. अजून वीतभर उचलली की तो सुटेल, असं मला वाटलं. 'ओढा' माझ्या ओठांवर आलं होतं.

समोरच्या पायरीवर शिवाजीची बायको सरू उभी होती. तिनं डोक्यावरचं घमेलं फेकून दिलं. नजर थेट कोपऱ्यात.

"मेजर, तुमी गप ऱ्हावा!"

आजवर मला गप करणं जनरललाही जमलेलं नाही. मी गप झालो. मग एकदाच ओरडलो, "सगळे चूप! सरू बोलंल, तेवढंच करा!"

बारव शांत झाली. दोराची करकर ऐकू येत होती.

"वडू नका," सरू म्हणाली. शेळ्या वळवणारा गळा, पण आवाज सपाट. "वडली तर आत झुलंल. त्येच्या छातीवर. हळू सोडा. टिचभर."

वीस जणांनी टिचभर सोडलं. कुणी मागं वळून पाहिलं नाही.

"आजून. आजून जरा. बास!"

शिळा पायरीवर बसली. फटीतून आधी एक हात आला, मग चिखलानं माखलेला शिवाजी. सरूनं त्याला वर ओढलं आणि पाठीत एक गुद्दा घातला. "फास बांधायलाव का शेळीचं दावं?" एवढं बोलून तिनं फेकलेलं घमेलं उचललं.

चहा घेताना शिवाजीनं विचारलं, "मेजर, त्ये दत्ता हवालदार आता कुठं असत्यात?"

माझ्या बाकीच्या गोष्टींतून निम्मं वजा करा. ह्यातून काहीच वजा करू नका. पहाडात पूल टाकत होतो. आमच्या माना पॅनलखाली. वरून दरड सुटली, ती एकट्या दत्तालाच दिसली. तो म्हणाला, "छोडो. पीछे." कुणी का म्हणून विचारलं नाही. आम्ही सगळे मागे आलो, तो आला नाही. त्याची जागा सगळ्यात पुढे होती.

बारवेला पाणी लागलं. गाळ अजून अधूनमधून काढावा लागतो. परवा एक नवा गडी भरलेलं घमेलं घेऊन, त्या दिवशी सरू उभी होती त्या समोरच्या पायरीवर टेकला, तर सरू खालून कडाडली, "ऊठ तिथून! हवालदाराची पायरी हाय ती. तिथं रिकाम्या हातानं उभं ऱ्हायचं."

गावात दत्ताला कुणीच पाहिलेलं नाही.