साहेबांच्या फोटोवरचं कापड

किल्लीमावशींचं खरं नाव प्रार्थनाघराच्या दप्तरात लिहिलेलं आहे, पण ते उघडून बघायची वेळ तीस वर्षांत कोणावर आली नाही. कमरेला अकरा किल्ल्यांचा जुडगा, त्याचा आवाज आधी आणि मावशी मागून, अशी ही बाई.

नवरा इथला रखवालदार. तो अचानक गेला तेव्हा मावशी बत्तीस वर्षांच्या, पदरात एक पोर. त्या वेळचे धर्मगुरू म्हणाले, नवा माणूस मिळेपर्यंत तुम्ही बघा. नवा माणूस अजून मिळायचाच आहे. मागच्या दोन खोल्यांत मावशींनी मुलीला वाढवलं, शिकवलं, गल्लीतच तिचं लग्न करून दिलं, आणि रोज पहाटे साडेपाचला दार उघडलं. अंगात ताप असला तरी उघडलं. बाकं पुसायची, उंचावरच्या खिडक्या आकड्याच्या लांब काठीने उघडायच्या, आणि कोणी गेलं की मयतावर घालायचं मोठं जांभळं कापड कपाटातून काढून द्यायचं. परत आलं की धुऊन, इस्त्री करून पुन्हा घडी. देवाधर्माच्या गप्पा त्यांनी कधी मारल्या नाहीत. "त्याच्या घरचा केर काढते, तेवढी ओळख पुरे," म्हणायच्या.

निवडणूक आली की मतदान याच दालनात व्हायचं. त्याचा धर्माशी काही संबंध नव्हता. पायऱ्या नसलेली एवढी मोठी जागा आसपास दुसरी नव्हती, एवढंच. गल्लीत तीन धर्मांची माणसं, आणि कशालाच न मानणारा कोपऱ्यावरचा एक चष्मेवाला. सगळी याच दाराने आत येत, मत देत आणि बाहेर पडून एकमेकांच्या उमेदवाराला नावं ठेवत घरी जात.

मागच्या वर्षी छप्पर गळायला लागलं. सत्तेतल्या पक्षाने नवं घालून दिलं, आणि छपरासोबत एक फोटो आला. दाराएवढा. पक्षाचे साहेब, नजर आभाळाकडे. तो नेमका व्यासपीठामागच्या भिंतीवर चढला. प्रार्थनाघराच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणजेच पक्षाचे वॉर्डप्रमुख, त्यामुळे विचारायचं कोणी कोणाला? आताचे धर्मगुरू वयाने लहान, मनाने भले आणि कण्याने जरा मऊ. "मदतीची आठवण म्हणून राहू दे," म्हणाले. प्रार्थनेला बसलेला प्रत्येक जण आता साहेबांसमोर मान झुकवू लागला.

"डोळे मिटून प्रार्थना करायची सोय आहे ते बरं," मावशी मुलीला म्हणाल्या.

यंदाच्या मतदानाच्या आदल्या संध्याकाळी केंद्रप्रमुख पाहणीला आल्या. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई, बारीक चणीच्या, काखेत नियमांचं पुस्तक. भिंतीकडे बघून त्या जागच्या जागी थांबल्या.

"हे स्वतः उमेदवार आहेत ना? मतदानाच्या खोलीत यांचा फोटो चालणार नाही. काढा, नाहीतर झाका."

"तो देणगीदाराचा फोटो आहे," अध्यक्ष हसत म्हणाले. "आमचं प्रार्थनाघर, आमची भिंत. तुम्हाला चालत नसेल तर केंद्र हलवा. हमरस्त्यापलीकडचं गोदाम रिकामंच आहे."

मावशींच्या हातातला फडका थांबला. हमरस्त्यापलीकडे म्हणजे तीन किलोमीटर. गल्लीतली निम्मी माणसं काठी टेकत चालणारी. ही गल्ली साहेबांना मत देत नाही, हे अध्यक्षांना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे फोटोचा हट्ट फोटोसाठी नव्हताच!

"शिडी द्या, मी उतरवते," मावशी म्हणाल्या.

"शिडी दुरुस्तीला गेलीय."

"परवापर्यंत तर धडधाकट होती."

"मावशी, किल्ली मंडळाची आहे. आणि खोल्याही. लक्षात असू द्या."

बाईंनी घड्याळात पाहिलं. "सकाळी सातपर्यंत फोटो उघडा दिसला, तर मला केंद्र हलवावं लागेल. माझा नाइलाज आहे."

अध्यक्ष गेल्यावर धर्मगुरू हळूच म्हणाले, "मावशी, कशाला वाकड्यात शिरता? एका दिवसाचा तर प्रश्न."

"म्हणूनच. पाच वर्षांतून गल्लीतल्या माणसांचा एक दिवस येतो, तोही गोदामात घालवायचा?"

पहाटे मावशींनी घरातल्या चादरी लावून पाहिल्या. एक आखूड, दोन जोडल्या तर मधे फट, आणि फटीतून नेमका साहेबांचा डोळा. सहा वाजून गेले. मग त्यांनी कपाट उघडलं आणि तेवढ्या मापाचं एकच कापड होतं ते काढलं. खिडकीच्या काठीच्या आकड्यात टोक अडकवून वर चढवलं, चौकटीवर नीट सोडलं, चुण्या काढल्या. छान बसलं. तीस वर्षं धुऊन, वाळवून, इस्त्री करून ते कापड त्यांच्या हाताला इतकं सरावलं होतं, की इतरांना ते बघून काय वाटतं हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

बाई पावणेसातला आल्या. त्या या गल्लीतल्या नव्हेत. "झाकलंय. चालेल," म्हणाल्या आणि पेटी लावायला बसल्या.

सातला पहिला मतदार आला तो चष्मेवाला. दारातच थबकला. डोक्यावरची टोपी काढली, मान खाली घातली. मग मावशींजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "कधी झालं हो?"

"काय कधी झालं?"

"साहेब. रात्री बातम्यांत तर चांगले ओरडत होते."

मावशींनी भिंतीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. पण तोवर मागची म्हातारी डोळ्यांना पदर लावून मोकळी झाली होती. "कसा का असेना, कोणाच्या तरी पोटचा होता," असं म्हणून तिने विरोधी उमेदवाराला मत दिलं आणि बाहेर जाऊन चार जणींना बातमी सांगितली.

वीस मिनिटांत अध्यक्ष धापा टाकत आले. हातातला फोन वाजायचा थांबत नव्हता.

"मावशी! जिवंत माणसाला मारलंत तुम्ही! काढा ते आधी!"

"माझं चुकलं," मावशी म्हणाल्या. "माप बघितलं, बाकी काही सुचलं नाही. काढते." आणि काठी उचलली.

"थांबा," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. "कापड निघालं तर फोटोही निघायला हवा."

"मग हलवा ना केंद्र!"

"का म्हणून? झाकलेलं आहे, मतदान सुरू झालंय, सतरा जणांनी मतं दिलीत. कापडाचा रंग कोणता असावा, हे माझ्या पुस्तकात लिहिलेलं नाही."

अध्यक्षांनी भिंतीकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या रांगेकडे. रांगेतून कोणीतरी विचारलं, "शोकसभा किती वाजता?" कोणीतरी फस्सकन हसलं. संध्याकाळपर्यंत साहेब असेच राहिले असते, तर अध्यक्षांना वरून काय ऐकावं लागलं असतं हे सगळ्यांना दिसत होतं.

दुरुस्तीला गेलेली शिडी पंधरा मिनिटांत बरी होऊन आली. अध्यक्ष स्वतः वर चढले, स्वतःच्या हातांनी साहेबांना उतरवलं आणि कापडासकट दोन्ही हातांनी कवटाळून निघाले.

"कापड ठेवा," मावशी म्हणाल्या. "ते गल्लीचं आहे."

गल्ली संध्याकाळपर्यंत येत राहिली. खाटेवरून उठवून आणलेला मुलीचा सासरासुद्धा मत देऊन गेला.

तिसऱ्या दिवशी धर्मगुरू मागच्या खोलीत आले. "मंडळ म्हणतं, माफीचं पत्र द्या. रविवारी फोटो परत लावायचाय. पत्र नाही दिलंत, तर खोल्या..." पुढचं त्यांनी गिळलं.

"पत्र देते की. पण आपल्या रीतीप्रमाणे प्रार्थनेआधी सगळ्यांसमोर वाचायचं. तुम्हीच वाचायचं."

रविवारी दालन भरलं. अध्यक्ष पहिल्या बाकावर, फोटो भिंतीला टेकवून तयार. धर्मगुरूंनी कागद उलगडला.

"मेलेल्यांसाठी राखलेलं कापड मी जित्या माणसावर घातलं. त्याबद्दल ज्यांच्या घरच्यांवर ते घातलं गेलं, त्या सगळ्यांची मी माफी मागते. फोटो झाकला याबद्दल मागत नाही." इथे धर्मगुरू अडखळले. अध्यक्षांनी हातानेच बस करा अशी खूण केली. धर्मगुरूंनी ती पाहिली, चष्मा सारखा केला आणि पुढे वाचलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने. "जिथे सगळे मान झुकवतात तिथे कोणा पुढाऱ्याचा फोटो नसावा. लावायचा असेल त्याने आधी माझ्याकडून किल्ली घ्यावी. मी दारापाशी उभी आहे."

मावशी दारापाशी उभ्या होत्या, जुडगा कमरेतून काढून हातात धरलेला. अध्यक्ष अर्धे उठले, मागे वळले. मागच्या बाकांवरचे सगळे चेहरे त्यांच्याकडेच बघत होते. ते बसले.

"प्रार्थना सुरू करू या," धर्मगुरू म्हणाले.

सोमवारी किल्ली मागायला कोणी आलं नाही. मंगळवारी अध्यक्षांचा माणूस येऊन फोटो गाडीत घालून घेऊन गेला, खोल्यांबद्दल एक शब्द बोलला नाही. "विषय संपला असं समजू नका," एवढं मात्र जाताना सुनावून गेला.

"मी कुठे समजतेय?" मावशी म्हणाल्या आणि खिडक्या पुसायला घेतल्या.