बहिणीने उघडलेला प्रोग्राम

भाऊजी अंधांसाठी पुस्तकं वाचायचे आणि माझी बहीण ती संगणकावर रेकॉर्ड करायची. ती गेल्यावर त्यांनी रेकॉर्डिंगचा प्रोग्राम उघडाच ठेवला. पुढे तिची एक जुनी फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये लावली, तर आवाज येईना. त्यांनी आवाजाचा ड्रायव्हर नव्याने टाकला, पण रीस्टार्ट केलं नाही.

शेवटी बोलावलेली संगणक-दुरुस्तीवाली म्हणाली, "काका, साउंड कार्ड रेकॉर्डिंगने अडवून धरलंय. ते बंद करा, मग हे वाजेल."

"ते तिने उघडलंय."

"सेव्ह करते. काही जाणार नाही."

भाऊजींनी माउस हातात घेतला आणि स्वतःच ते बंद केलं. फाइलमधून बहीण म्हणाली, "अहो, दोन पानं एकदम उलटलीत."

"हो," भाऊजी म्हणाले, आणि दुरुस्तीवालीसाठी पाणी आणायला उठले.