लिमच्या डोक्यावरची रेघ

कोल्हापुराहून सकाळच्या पहिल्या एसटीने निघालो तेव्हा मांडीवर हस्तलिखिताची दुसरी प्रत होती. सत्तरचे दशक सरत आले होते. मराठीतून उच्च गणित शिकवणारे माझे पहिले पुस्तक बेळगावच्या एका छापखान्यात जुळत होते आणि मी मुद्रिते (छपाईआधी तपासायची पाने) बघायला चाललो होतो.

कोल्हापुरातल्या छापखान्यांनी हात टेकले होते. मला ‘लिम’ची (लिमिट, आकड्यांची रांग जिथे पोचते ती सीमा) तीन रोमन अक्षरे सॅन्स सेरिफमध्ये, म्हणजे टोकांना शेपट्या नसलेल्या साध्या वळणात हवी होती, आणि काही ठिकाणी त्यांच्या डोक्यावर आडवी रेघ. ती रेघ आहे की नाही, यावर सिद्धांत खरा की खोटा ते ठरते.

निपाणीला तंबाखूच्या वासाने सगळी गाडी शिंकली. बेळगावात उतरून पुरीभाजी मागवली, तर वाढणाऱ्याने ‘स्वल्प (थोडी) आणखी?’ म्हणत दोन पुऱ्या जादा टाकल्या. त्या कशाबशा संपवून मी जवळजवळ पळतच छापखाना गाठला.

खिळे (शिशाची सुटी अक्षरे) जुळवणाऱ्या बाई जवळच्या येळ्ळूर गावच्या. सगळे त्यांना आक्का म्हणत. त्यांनी पहिले पान हातात दिले. एकूण एक लिमच्या डोक्यावर रेघ, तीही अक्षरांना चिकटून, आपल्या देवनागरीसारखी.

“आक्का, हे काय?”

“उघडी अक्षरं बरी दिसंनात, सर. चार ठिकाणी रेघ हुती, म्हटलं बाकीची तुमची राहिली असंल. समद्यास्नी घातली.”

रागवावे की हसावे कळेना. मी हसलो आणि समजवायला बसलो. “तुमच्या विहिरीचं पाणी वर्षभर वरखाली होतं ना? तरी ते कुठवर चढतं, ती खूण असतेच. ती खूण म्हणजे रेघेचा लिम. पाणी एका जागी ठरलं, तरच बिनरेघेचा.”

“मग आधी सांगायचं न्हाय व्हय?” म्हणत आक्कांनी चिमटा उचलला. नको त्या रेघा निघाल्या. हव्या त्या रेघांखाली शिशाची बारीक पट्टी बसली आणि रेघ अक्षरांपासून सुटली. इतका देखणा लिम मी परदेशी पुस्तकातही पाहिला नव्हता.

मी निघालो, तशा त्या म्हणाल्या, “सर, सतरावं पान बघा. आकडे वरखाली हुत्यात असं तुमीच ल्हिलंय, आन् लिम उघडाच.”

“हस्तलिखितात आहे तसंच राहू द्या,” मी जरा तोऱ्यातच म्हणालो. पाने संध्याकाळी छपाईला जायची होती.

संकेश्वर मागे पडल्यावर सहज प्रत उघडली. सतरावे पान. रेघ मीच विसरलो होतो आणि पुढचा सगळा सिद्धांत त्या एका लिमवर उभा होता. निपाणीला उडी मारून उतरलो, समोर लागलेली बेळगावची गाडी पकडली आणि सगळी वाट उभ्याने काढली.

“आक्का, सतरावं पान...” दारातच मला धाप लागली.

“बाजूला ठेवलंय. रेघबी कापून ठेवलीया. तुमी हो म्हटल्याबिगर बसवायची नव्हती.”

मी हो म्हटले.

बेळगावात काय पाहिलेस, असे घरचे विचारतात. किल्ला पाहिला नाही, बाजारही नाही. माझ्या पुस्तकाची पहिली वाचक पाहिली, आणि तिच्याशी तोऱ्यात बोलून आलो याची लाज अजून वाटते.