करमते ना?

नरखेडच्या स्टँडवर बाबांनी माझी बॅग खिडकीजवळच्या सीटवर ठेवली आणि मोसंब्यांची पिशवी पायाशी. आई खाली उभी होती. गाडी सुरू झाली तशी खिडकीशी येऊन एवढंच म्हणाली, "करमलं नाही तर सांगजो वं." मी मान डोलावली. त्यात सांगण्यासारखं काय असणार, असं तेव्हा वाटलं होतं.

शहराला लागून असलेल्या वाडी नावाच्या भागात, ट्रान्सपोर्टच्या गोदामात मी बिल्टी बनवते, म्हणजे कोणाचा माल कोणत्या ट्रकने कुठे चालला त्याचा कागद. गोदामामागेच भाड्याची खोली आहे. सुरुवातीला गावाची फार आठवण यायची, रडूही यायचं. मग रडू थांबलं. मला वाटलं, चला, रुळलो आपण एकदाच्या. पण आठवणही थांबली होती. बाबांनी पाठवलेली मोसंबी पिशवीतच वाळायची, केस तीन-तीन दिवस विंचरायचे राहायचे. आई रोज संध्याकाळी फोनवर विचारायची, करमते ना? मी "करमते" म्हणून मोकळी व्हायची. खरं सांगितलं असतं तर बाबांनी दुसऱ्याच दिवशी परत नेलं असतं. मग नोकरी संपली आणि लग्नाची बोलणी सुरू. माझ्यासारख्या निघून आलेल्या मुलींना हे वेगळं सांगायला नको.

एकदा अकोल्याचा माल मी अमरावतीला पाठवला. सुपरवायझर सगळ्यांसमोर ओरडले. मला ना भीती वाटली, ना लाज. काहीच वाटलं नाही, हेच मला खटकलं. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता मी मोबाइलवर मदत शोधत बसले. एका साइटवर मन कसं आहे ते दाखवायला पाच चेहरे होते, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. माझा त्यात नव्हता. म्हणून खाली इंग्रजी अक्षरांत लिहिलं, करमत नाही. तिथल्या आपोआप उत्तर देणाऱ्या मशीनने त्यातलं 'कर्म' तेवढं वाचलं आणि मला कर्मावर प्रवचन दिलं. कर्मावर विश्वास नसला तरी हरकत नाही, चांगलं काम करत राहा म्हणे. एरवी हसून हसून पोट दुखलं असतं.

माणसाशी बोलायचं एक बटण होतं, ते दाबलं. थोड्या वेळाने एका समुपदेशक ताईंचा मेसेज आला, "करमत नाही, हे कधीपासून?" त्यांना शब्द समजावून सांगावा लागला नाही. सुट्टी संपेपर्यंत मी लिहीत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, घरी कोणाला माहीत आहे का. मी लिहिलं, नाही.

त्या संध्याकाळी नेहमीचा फोन आला, नेहमीचा प्रश्न आला.

"नाही करमत, आई."

पलीकडे आईने विहिरीवरचा पंप बंद केला. आता परत ये म्हणेल, म्हणून मी वाट पाहत राहिले.

"कवापासून वं?" आई म्हणाली. मी सगळं सांगितलं तशी म्हणाली, "मी उद्या येऊन राहिली. तू काम नको सोडू."

आई चार दिवस राहिली. माझे केस विंचरले. ताईंनी सुचवलेल्या डॉक्टरांकडे सोबत आली, बाहेर बाकावर बसून राहिली. जादू काही झाली नाही. मोसंबीची चव अजून पुरती लागत नाही. गावी गेले की मी पाहुणी असते, आणि वाडीतली खोली अजून खोलीच आहे. पण संध्याकाळी फोन येतो. कधी मी "नाही" म्हणते, कधी "आज थोडंसं करमलं". खोटं बोलत नाही. सध्या माझं घर त्या फोनएवढंच आहे.