पहिल्या बोलीला दिलेला गडी

आता जे सांगतोय ते माझ्या तोंडातून कधी बाहेर पडलेलं नाही. बायकोला ते ठाऊक आहे, पण मी सांगितलं म्हणून नव्हे. आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याच्याकडं मी जेवलो, त्याच्या पोरीच्या लग्नात पंगतीत वाढलो — आणि गप्प राहिलो. तुमची-माझी ओळख नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. बघू.

माझा धंदा बोलीचा. निपाणीत हमरस्त्याला जुने ट्रक, टेम्पो घ्यायचे आणि विकायचे. त्याआधी बैलबाजारात दलाली केली. बाप दुसऱ्यांची जनावरं बाजारात हाकत न्यायचा. तिथून मी कुणाचा हात न धरता वर आलो, हे जरा जोरातच सांगतो, सवय आहे. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं दाबायची. तिसऱ्याला कळू नये म्हणून, असं लोक म्हणतात. माझा बाप वेगळं सांगायचा. ‘जनावराच्या म्होरं त्येची किंमत काढू नगंस. त्येला कळतंय.’

बापाचं हे बोलणं मला खुळचट वाटायचं. पुढं एका दुपारी ते पटलं — पण ते नंतर सांगतो.

गोव्यात जहाजावरच्या एका माणसाकडून जीप घेत होतो. सौदा जमेना. तो खाली येईना, मी वर जाईना. शेवटी त्यानं जीपबरोबर एक काळा डबा माझ्या हातात ठेवला — कॉम्प्युटर, विलायतेतून आणलेला, रबरी बटणांचा. निपाणीत विकू म्हणून घेतला. कोण घेणार? पंच्याऐंशी-शहाऐंशीचा काळ तो. लोक हातात घेऊन बघायचे, परत द्यायचे. आयुष्यात एकदाच फसलो तो असा. मग रागानं तो कपाटावर टाकून दिला.

तो खाली काढला परशानं. परशराम — माझा लहानपणापासूनचा दोस्त, बँकेत कारकून. तवंदी घाटात स्कूटर घसरली आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. एक ऑपरेशन झालं, ते नीट बसलं नाही, दुसरं मिरजेला व्हायचं होतं. तोवर रजा. कुबड्या घेऊन दुपारी माझ्याकडं यायचा. डबा त्यानं टीव्हीला जोडला, दुसरी वायर आमच्या टू-इन-वनला, म्हणजे रेडिओ-टेपला. डब्याबरोबर एक कॅसेट होती. ती लावली की पावसाळ्यातल्या बेडकांसारखा किरकिर आवाज यायचा, टीव्हीवर रेघा धावायच्या, आणि मग रेघा थांबून अक्षरं यायची.

फुटबॉलचा खेळ होता. पण चेंडू नाही, मैदान नाही, पळणारी माणसं नाहीत. नुसती नावं आणि नावांपुढं आकडे. कुणाला खेळवायचं, कुणाला बसवायचं, कुणाला विकायचं, कुणाला घ्यायचं — एवढं आपण ठरवायचं. मग डबा आपल्या मनानं सामना खेळायचा आणि आपण बघत बसायचं. गोल झाला की आकडा बदलायचा. बास.

यात काय मजा, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. पण ज्यानं कधी संघ काढलाय, रात्रंदिवस ‘अमक्याला डावीकडं घातलं असतं तर’ असा जीव जाळलाय, त्याला विचारा. टीव्हीवर उजेड पडू नये म्हणून माझी बायको सुशीला खिडकीला चादर लावायची. बाहेर तंबाखूचा वास तरंगत असायचा, मधूनच कुणी शिंकायचं. चादरीतून येणाऱ्या पिवळ्या अंधारात आम्ही त्या आकड्याकडं बघत राहायचो — आणि देवाशपथ सांगतो, मला मैदान दिसायचं. धूळ दिसायची. चेंडूचा ठप् आवाज यायचा. आणि माझ्यासारख्या बोलीवाल्याला आणखी एक चव होती. डब्याला चेहरा नव्हता. शिव्या घातल्या तरी तो हलायचा नाही, गोड बोललं तरी भुलायचा नाही. असलं गिऱ्हाईक मला जन्मात भेटलं नव्हतं.

इंग्लंडमधल्या गावांची नावं परशानं पुसली आणि आपली घातली. बेळगाव, कोल्हापूर, संकेश्वर, येळ्ळूर, कडोली, धारवाड. एकाच तक्त्यात सगळी, वर-खाली. गुंजीसुद्धा — एक स्टेशन आणि भोवती झाडी, पण आमच्याकडं गुंजीनं कोल्हापूरला हरवलं होतं. ‘गुंजीचा गोलकीपर लई भारी पडला आपल्याला,’ परशा उसासा टाकायचा, जणू कालच बघून आलाय. मलाही ते खरं वाटायचं. गाडी गुंजीला थांबली की आजही मी त्या गोलकीपरला शोधतो.

आणि निपाणीच्या संघात त्यानं आमचीच माणसं घातली. आमचा जुना संघ.

आता तो जुना सामना सांगायला हवा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं. आमच्या तालमीचा संघ बेळगावात फायनलला गेला. परशा कप्तान. मी उजवीकडून खेळायचो, चांगला खेळायचो. पण सेमीफायनलला रेफ्रीच्या अंगावर धावून गेलो होतो — माझं डोकं तसंच, आजही तसंच. फायनलच्या सकाळी मैदानावर सगळ्यांसमोर परशा म्हणाला, ‘भैऱ्या, तू आज बस.’ आदल्या दिवशी बुटांना तेल लावलेलं. बसलो. मध्यंतराला खेळाडूंना चोखायला लिंबं लागतात, ती कापत बसलो. हरलो आम्ही. आतल्या आत ते लिंबू अजून पिळतोय. एवढ्याशा गोष्टीसाठी? हो. एवढ्याशाच.

डब्यातल्या संघात मात्र मी होतो. इंग्रजी मला नंबरप्लेटीपुरतं येतं, पण माझं नाव मी ओळखायचो. बी-एच-ए-आय-आर-यू. दहा नावं भरल्यावर अकरावा कोण होता ते आम्हा दोघांनाही आठवेना. चहा घेऊन आलेल्या सुशीलाकडं बघून परशा म्हणाला, ‘वैनीला घालूया. गोलात.’

‘मला? मी काय करू तितं?’

‘काय न्हाय, हुबं ऱ्हायचं. आलेलं धरायचं.’

‘ते तर रोजच करतोय की,’ ती म्हणाली.

त्यानंतर तीही बसू लागली. पदराला हात पुसत यायची आणि विचारायची, ‘माज्यावर किती गोल झाले?’ झाले नाहीत म्हटलं की तशीच आत जायची. पण चालणं बदललेलं असायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती. तिचं नाव कुणी कशात घालावं आणि त्यावर ती अशी खुलावी, हे मी पाहिलं नव्हतं. मला सुचलं नव्हतं, असंही म्हणा.

निपाणी खालच्या विभागातून वर आली. मग आणखी वर. त्या सगळ्याला महिने गेले. खेळ थांबवताना परशा कॅसेटवर तो साठवून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी तिथून पुढं. आणि असं घडून आलं की शेवटचा सामना बेळगावशी, जिंकला तर आम्ही पहिले. परशा दोन दिवस नीट जेवला नाही. सोमवारी त्याला मिरजेला दाखल व्हायचं होतं. ‘ही फायनल रविवारी घेऊ,’ तो म्हणाला, ‘मग कापू देत काय कापायचं ते.’

शनिवारी तयारी. बातमी पसरली होती. शेजारचा भांड्यांचा दुकानदार कल्लाप्पा, आणखी दोघं-तिघं येऊन बसलेले. परशानं संघ वाचला. माझ्या नावाशी थांबला. माझा एक आकडा खाली गेला होता.

‘दमलाय ह्यो,’ तो म्हणाला. ‘ह्याला काढून एक ताजा गडी घ्यावा लागंल.’

‘ह्यो’ म्हणाला. मी शेजारी बसलेलो.

त्यानं मला विकायला काढलं. डब्यानं बोली दिली — तिथं, टीव्हीवर, माझ्या नावासमोर, सगळ्यांच्या देखत. तो आकडा मी इथं सांगणार नाही. बोली नाकारता येते. नाकारली की डबा पुन्हा वाढवून देतो, हे परशाला माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्यानं बटण दाबलं. घेतली. पहिलीच.

कल्लाप्पा मांडीवर थाप मारून हसला. ‘अरे, पैल्या बोलीला दिलास की रं शेटला! म्हातारा बैलबी दोनदा फिरवून इकत्यात.’

सगळे हसले. मीही हसलो. सुशीला तेवढी हसली नाही.

बापाचं बोलणं मला त्या वेळी पटलं. कळतं. जनावराला कळतं.

सगळे गेले. परशाला मीच रिक्षापर्यंत सोडलं, कुबड्या आत ठेवल्या, ‘उद्या लवकर ये’ म्हणालो. घरात आलो. टू-इन-वनमध्ये ती कॅसेट होतीच. वायर उपसून रेडिओ लावला — बाजारभाव चालले होते, गूळ, मिरची, शेंगा — आणि रेकॉर्डिंगचं लाल बटण नि त्याच्या शेजारचं, दोन्ही एकदम दाबली. बसून राहिलो. कॅसेट फिरत होती. निपाणी, येळ्ळूर, गुंजी, ती सगळी धूळ, त्यावर एक बाई क्विंटलचे भाव सांगत होती. मध्येच थांबवता आलं असतं. थांबवलं नाही.

राग उतरल्यावर भीती वाटली. मग कॅसेटमधली फीत बोटानं बाहेर ओढली आणि तिचा गुंता केला. मशीननं खाल्ली म्हणायला बरं.

इथं थांबता येईल. तुम्ही म्हणाल, एवढंच होय, एक खेळ पुसला, रागाच्या भरात. खरं सांगू? इथवर आणून थांबायचं असंच मी ठरवलं होतं. पण इतका वेळ सांगितलं ती माझी पहिली बोली होती. दलाल पहिल्या बोलीला खरा भाव कधी सांगत नाही.

रविवारी परशा आला, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. मी गुंता दाखवला. त्याचा चेहरा उतरला, पण मशीनला तो एक शब्द बोलला नाही. म्हणाला, ‘पेन्सिल हाय का?’ आणि पाय लांब करून बसला. फीत मांडीवर पसरली. एकेक पीळ सोडवायचा, शर्टाच्या टोकानं पुसायचा, पेन्सिल भोकात घालून फिरवायचा. दुपार सरत गेली. चादरीतला उजेड पिवळ्याचा तांबडा झाला. सुशीला फितीचं एक टोक धरून बसली होती, श्वास रोखून, तान्ह्या पोराचं जावळ धरावं तशी. मी? मी समोर होतो. फीत अखेर आत गेली तर त्यातून काय ऐकू येणार, हे त्या खोलीत मला एकट्याला ठाऊक होतं. तोंड उघडायला एवढा वेळ देव कुणाला देतो? मला दिला होता.

कॅसेट लावली. टीव्हीवर रेघा येईनात. परशानं वायर उपसली, आवाज ऐकायला. आणि खोलीत ती बाई बोलू लागली — मिरचीचा भाव.

तो बराच वेळ ऐकत राहिला. मग माझ्याकडं बघितलं. विचारलं असतं तर मी काय बोललो असतो, कुणास ठाऊक. त्यानं विचारायच्या आधीच मी बोललो.

‘हिनं दाबलं असंल. गाणी भरायला बघती रेडिओवरची. शंभरदा सांगितलंय हात लावू नगं म्हणून.’

आवाज चढवला होता मी. खोटं बोलताना माझा आवाज चढतो.

सुशीलाच्या हातात रिकामा कप होता. जिनं शेवटचा महिनाभर एक गोल होऊ दिला नव्हता, जिनं सगळी दुपार ते टोक धरलं होतं, तिनं पुसलं म्हणे. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. परशाला म्हणाली, ‘चुकून दाबलं असंल, भावजी.’

‘असू दे वैनी,’ तो म्हणाला. ‘आसंच कायतरी हुतंय.’

कुबड्या त्यानं स्वतःच्या स्वतः घेतल्या. मी पुढं झालो तर हातानं थांबवलं.

ऑपरेशन झालं, तो चालू लागला, जरासा लंगडत. पुढं बेळगावला बदली झाली. भेटलो की आधी विचारतो, ‘आमचा गोलकीपर काय म्हणतोय?’ तो तिला माफ केलेला माणूस म्हणून विचारतो, की मला ओळखून असलेला म्हणून, ते मला आजवर कळलेलं नाही. डबा मी विकला. कल्लाप्पा म्हणतो, चांगला भाव आला.

टू-इन-वन अजून आहे, कपाटावर, तिनं विणलेल्या रुमालाखाली. गाणी ती अजूनही ऐकते. पण त्या दिवसापासून तिनं त्याच्या एकाही बटणाला बोट लावलेलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहते आणि म्हणते, ‘अवो, जरा लावता का?’

हातातलं काम टाकून मी उठतो. रुमाल काढतो. बटण दाबतो.