मऊ पानं

आमची ताई नाकावर माशी बसू देत नाही. नाटक उभं राहण्याआधी रंगमंचावर उजेड कसा पडेल, याची चित्रं ती कॉम्प्युटरवर करते. दिव्यात नक्षी कापलेली पत्र्याची चकती बसवतात, मग जमिनीवर उजेडाची पानं पडतात. चित्रात ती खरी वाटायला हवीत तर त्यांच्या कडा मऊ कराव्या लागतात, आणि त्यात ताईचा हातखंडा. त्यासाठी स्क्रीनवर एक पट्टी सरकवायची असते. तिच्यावर आकडेही असतात, पण ताई त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. "डोळे कशाला दिलेत?" म्हणते. मी स्वयंपाकात मापाचे चमचे वापरते, त्यालाही तिनं नावं ठेवलीत.

त्या दिवशी मी तिच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. प्रकाशयोजना करणाऱ्या सरांचा फोन आला. ताईनं तो स्पीकरवर टाकला.

"बाई, ही पानं कात्रीनं कापल्यासारखी दिसतायत. मऊ करायची राहिली का?"

"तुमचा मॉनिटर बिघडलाय," असं म्हणून तिनं फोन ठेवून दिला.

मी वाकून पाहिलं. पानं खरंच धारदार होती. पट्टी शून्यावर होती.

"ताई, हे मऊ आहे?"

"मग काय? जरा सरकवलं की नुसतं धुकं होतं."

आमच्या बाबांची नजर अशीच गेली होती. आधी ते वर्तमानपत्राच्या छपाईला शिव्या घालायचे, मग घरातल्या बल्बला. पुढे रस्त्यानं चालताना माझं कोपर धरायचे. हात धरू द्यायचे नाहीत. हात धरला की लोकांना कळतं, म्हणायचे. हा आजार घराण्यातून येतो, दरवर्षी डोळे तपासून घ्या, असं डॉक्टरांनी आम्हा दोघींना बजावलं होतं. मी जाते. ताईला कामातून सवड मिळत नाही.

"डॉक्टरकडे जाऊ या," मी म्हटलं.

"तुला लहानपणापासून जिथंतिथं भुतं दिसतात. उद्या थिएटरवर चल. खरा उजेड बघ आणि मग बोल."

संध्याकाळी ती चहा ओतत होती. कपाच्या आत तिनं बोटाचं पेर धरलं होतं. चहा बोटाला लागला तेव्हा ती थांबली. मी पाहिलंय हे तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी थिएटरमध्ये सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. सर पुढच्या रांगेत बसले होते, लाइटवाला शिडीवर होता. दिवा लागला आणि रंगमंचावर पानं पडली. मला त्यांचे देठसुद्धा वेगवेगळे दिसत होते. ताई कितीतरी वेळ बघत राहिली, मग तिचा चेहरा सैल झाला.

"बघा सर, माझ्या चित्रातल्यासारखीच. किती मऊ पडलीत."

वरून लाइटवाला म्हणाला, "ताई, दिव्याचं भिंग अजून फिरवलंच नाहीये. थांबा, आता करतो मऊ."

त्यानं भिंग फिरवलं. कडा विरघळल्या, पानं एकमेकांत मिसळू लागली. एरवी मी म्हटलं असतं, काय सुरेख दिसतंय. पण मी ताईकडे बघत होते. ती डोळे बारीक करून पुढे झुकली होती.

"पानं कुठं गेली?" तिनं माझ्या कानाशी विचारलं.

पानं समोरच होती. मला तिच्याशी खोटं बोलावंसं वाटलं, पण ते तिला पटलं नसतं.

"आहेत," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. सरांना म्हणाली, "तुमचा मॉनिटर चांगलाय." मग पर्स चाचपत उठली. "डॉक्टरला फोन कर. आजची वेळ मिळते का बघ."

ताईनं एवढ्या पटकन माझं ऐकल्याचं मला आठवत नाही. मी तिथंच फोन लावला.

बाहेरच्या पायऱ्यांपाशी मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो सोडवून घेतला आणि माझं कोपर धरलं.