लिंबू-मिरची आणि बिनड्रायव्हरची गाडी

अगं, इकडे सरक जरा. महिनाभर तोंड दाखवलं नाहीस, शोभतं का? आमच्या शेजारी काळेवाडीत एक वेल्डर राहतात. स्वतःची चूक म्हणून कधी कबूल करणार नाहीत. "आपलं काम म्हणजे काम, वहिनी!" कॉलेजच्या पोरांनी स्पर्धेसाठी बिनड्रायव्हरची गाडी बनवली, तिचा सांगाडा या वेल्डरांनी केलेला. चाकणच्या मैदानावर फेरीआधी यांनी गुपचूप गाडीला लिंबू-मिरची बांधली, नेमकी तिच्या कॅमेऱ्यापुढे. वाटेत काहीतरी आडवं आहे असं समजून गाडी हलेचना. पोरं रडकुंडीला आली, तसे हे पंचांपुढे गेले. "साहेब, गाडीला नीट दिसतंय. आंधळा मीच." पंचांनी दुसरी संधी दिली नाही. पोरांनी मात्र पुढच्या वर्षीचा सांगाडाही यांनाच सांगितलाय. लिंबू फक्त मागे बांधायचं ठरलंय. पुन्हा लवकर ये गं, त्यांची गाठ घालून देते.